टाळ्या घेणारा बँड, रिकामा डान्स फ्लोअर

ठाणे-नवी मुंबईतले पाच जण एका परदेशी क्रूझवर लाउंज बँड म्हणून गेले. करार सहा महिन्यांचा होता. तिसऱ्या आठवड्यात एंटरटेनमेंट मॅनेजरने त्यांना ऑफिसात बोलावलं आणि गोड शब्दांत सांगितलं, तुमच्या लाउंजचा डान्स फ्लोअर रिकामा राहतोय. पुढच्या दोन सफरींत फरक पडला नाही, तर तिघांना एट्रियममध्ये, म्हणजे जहाजाच्या मधल्या मोकळ्या दालनात, हलकं संगीत वाजवायला ठेवू आणि दोघांना घरी पाठवू.

पाचांपैकी एकही कच्चा नव्हता. कुणी बेसूर नाही, कुणी उशिरा येणारा नाही, पिऊन स्टेजवर चढणारा तर नाहीच. शिवाय टाळ्या मिळत होत्या. गाणं संपलं की टेबलांवरून कौतुक यायचं, एकदोघं उठून हात मिळवून जायचे. फक्त नाचत कुणी नव्हतं. हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं ते याच विसंगतीमुळे. आपल्याकडचे पुष्कळ वादक सध्या क्रूझच्या कामामागे आहेत, आणि त्यातले बरेचसे हे काम म्हणजे ‘आपला ऑर्केस्ट्राच, फक्त पाण्यावर’ असं धरून चालतात.

बँडची तालीम नौपाड्यात माझ्याच खोलीत व्हायची. जाण्याआधीचं त्यांचं वाजवणं मी ऐकलेलं, जहाजावरची फोन रेकॉर्डिंग्ज नंतर ऐकली. त्यांच्या सांगण्यावरून नावं, जहाज आणि कंपनी गाळली आहे.

कोण होते हे पाच

म्होरके कीबोर्डवाले, कळव्याचे, पंचेचाळिशी ओलांडलेले. सगळे त्यांना दादाच म्हणतात. गणपती, नवरात्र, सोसायट्यांचे वर्धापनदिन, घोडबंदर रोडवरच्या हॉटेलांतल्या शनिवार-रविवारच्या नाइट, असं त्यांचं आयुष्य. गिटारिस्ट ऐरोलीतली आयटीतली नोकरी सोडून आलेला. बेसवाला ठाण्याचाच. ड्रमर घणसोलीचा आगरी पोरगा, हळदीच्या बेंजो पार्ट्यांत वाढलेला, तिथून ऑक्टोपॅडवर आणि मग ड्रम्सवर आलेला. त्याचा हात इतका गोड की मांडवातल्या म्हाताऱ्याही खुर्चीतून उठाव्यात. गायिका नेरूळची, सुगम संगीत शिकलेली, पट्टी काळी चार, आवाजात छान मींड. तिला सगळे ताई म्हणतात, दादासुद्धा.

आपल्या भागात हे काम नवं नाही, फक्त आपलं नव्हतं. १९३०-४० च्या दशकांत मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत नाचासाठी वाजवणारे बँड बहुतांशी गोव्याच्या आणि अँग्लो-इंडियन वादकांचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच स्टाफ नोटेशन शिकवलं जाई, त्यामुळे समोर कागद ठेवला की ते वाजवायला मोकळे. ताजमध्ये बँड गाजवणारा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांसोबत काम करायला लागला आणि ती हॉटेलातली लय हिंदी सिनेमात आली. मराठी ऑर्केस्ट्रावाल्यांनी सिनेमातली ती गाणी उचलली, पण ज्या नाचासाठी ती लय बांधलेली होती तो नाच मागेच राहिला. या प्रकरणाचं मूळ मला तिथे दिसतं.

कागदांचं काम

ते थोडक्यात सांगतो, पण एक गोष्ट टाळता येत नाही. पहिला एजंट बेलापूरचा. त्याने माणशी ‘प्रोसेसिंग’ची घसघशीत रक्कम मागितली, अर्धी आगाऊ. गिटारिस्टने नौवहन महासंचालनालयाच्या परवानाधारकांच्या यादीत त्याचं नाव शोधलं, सापडलं नाही. खलाशी भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल हा भरतीचा सरकारी परवाना लागतो, आणि सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे (एमएलसी, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला) नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि वैद्यकीय दाखला एवढाच खर्च उमेदवारावर पडू शकतो, व्हिसाचासुद्धा नाही. बँडमध्ये नोकरीवर घेतलेला वादक त्या जहाजावर खलाशांतच मोजला जातो, हे दादांना तेव्हा कळलं. त्यांनी तो एजंट सोडला आणि परवाना असलेल्याकडे गेले. चार महिने जास्त लागले.

एजंटाचं दुखणं जुनंच आहे म्हणा. टायटॅनिकवरचे आठ वादक जहाज कंपनीचे नोकर नव्हतेच. लिव्हरपूलच्या एका एजन्सीने ते पुरवलेले, दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर चढवलेले. आठही जण गेले, आणि त्यातल्या जॉक ह्यूम या व्हायोलिनवादकाच्या वडिलांना एजन्सीने युनिफॉर्मच्या बाकीचं बिल पाठवलं. त्यामुळे करारावर ‘मालक’ म्हणून कुणाचं नाव आहे, हे पगाराच्या आकड्याआधी वाचावं असं मी प्रत्येकाला सांगतो.

मग एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लागणारे, छोटे कोर्स: समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, जहाजावरची सुरक्षितता आणि जबाबदाऱ्या, शिवाय सुरक्षा व्यवस्थेचं प्रशिक्षण. नवी मुंबईत या संस्थांची कमी नाही. ताईंनी लाइफजॅकेट घालून उंचावरून तलावात उडी मारली, पालथा पडलेला तराफा पाण्यात सरळ केला, आणि दुसऱ्या दिवशी धुराच्या खोलीत हातांनी भिंत चाचपत वाट काढली. “गाण्याच्या परीक्षेला एवढी घाबरले नव्हते,” असं त्या म्हणाल्या. हे नुसते सोपस्कार नाहीत. १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ओशियानोस हे प्रवासी जहाज बुडालं, तेव्हा प्रवाशांना बाहेर काढण्याच्या कामात जहाजावरचे कलाकारच पुढे होते, गिटारवादक मॉस हिल्स त्यांपैकी एक. ५७१ माणसं होती, सगळी वाचली. आमच्या ड्रमरची आणीबाणीतली नेमणूक जिन्याच्या वळणावर उभं राहून प्रवाशांना वाट दाखवण्याची होती. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब सूर त्याला अजून झोपेत ऐकू येतात.

लाउंजचा दिवस

सप्टेंबरात ते बार्सिलोनाला चढले. रोज चार सेट, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटांचा, मध्ये पंधरा मिनिटं विश्रांती. पहिला जेवणाआधीचा, तेव्हा लोक ग्लास हातात घेऊन बसलेले असतात. शेवटचा मध्यरात्र उलटल्यावर संपणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी आणीबाणीचं ड्रिल असलं तर उठायचं. चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती हा नियम आहे, दहा तासांचे जास्तीत जास्त दोन तुकडे करता येतात आणि त्यातला एक सहा तासांचा तरी हवा. या जहाजावर तो पाळला जाई.

एक बारकावा इथल्या वाजवणाऱ्यांना नवा वाटेल. लाउंज थिएटरच्या वाटेवर होतं. रात्रीचा शो दोनदा व्हायचा, आणि शो सुटायच्या आधी बँड वाजत असलाच पाहिजे, अशी ताकीद होती. दार उघडलं की बाहेर पडणाऱ्या गर्दीच्या कानावर ठेका पडायला हवा. ती पाच मिनिटं हुकली की माणसं कॅसिनोकडे किंवा केबिनकडे वळतात. लाउंजमध्ये थांबलेला माणूस बारमधून काहीतरी मागवतो. बँडचा पगार शेवटी त्या बिलातून निघतो, हे कुणी तोंडाने बोलत नाही, पण मॅनेजरच्या तक्त्यात ते असतंच.

प्रवासी बहुतेक साठीपुढचे, इंग्लंड-अमेरिकेतले. त्यांतल्या पुष्कळांनी नाच रीतसर शिकलेला. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, चा-चा, रुंबा, टँगो. क्युनार्डच्या क्वीन मेरी २ सारख्या जहाजावर तर या लोकांसाठी मोठी बॉलरूम आणि ऑर्केस्ट्रा असतो, एकट्या आलेल्या बायकांबरोबर नाचायला नेमलेले यजमान पुरुषही असतात. आमच्या मंडळींचं जहाज त्याहून लहान, फ्लोअर एका बऱ्यापैकी हॉलमधल्या रांगोळीएवढा. पण माणसं त्याच जातीची, बूटसुद्धा पिशवीतून वेगळे आणणारी.

नेमकं काय बिघडत होतं

पहिल्या दोन आठवड्यांत दादांचा अंदाज असा की इंग्रजी गाणी कमी पडतायत. यात तथ्य होतं. एजन्सीकडे पाठवलेल्या यादीत त्यांनी अशी कितीतरी गाणी टाकलेली जी एकदाच, तीही अर्धी, वाजवून पाहिलेली होती. यादी फुगवायची खोड आपल्याकडे सगळ्यांनाच. मग त्यांनी रात्री जागून नवी गाणी बसवली. फ्लोअर रिकामाच राहिला. जोडपी उठायची, फ्लोअरच्या कडेला यायची, चारसहा पावलं टाकायची, एकमेकांकडे बघून हसायची आणि परत जाऊन बसायची.

उलगडा नाच शिकवणाऱ्या जोडप्याने केला. दुपारी ते प्रवाशांचे वर्ग घेत. त्यातल्या बाईंनी गिटारिस्टला गाठून सरळ विचारलं, “तुम्ही गाणं सुरू करता तेव्हा एक कुठे असतो?” एक म्हणजे ठेक्याचा पहिला ठोका. त्याला काही उत्तर देता आलं नाही. त्या रात्री त्याने सगळे सेट फोनवर रेकॉर्ड केले आणि केबिनमध्ये बसून टॅप-टेंपोच्या ॲपवर प्रत्येक गाण्याची लय मोजली. मुखड्याला, पहिल्या अंतऱ्याला, शेवटी. ते कागद त्याने मला दाखवले. वाचताना मी हसलो, कारण आमच्या खोलीत याच गोष्टींना आम्ही वाहवा दिली होती.

चा-चा म्हणून वाजवलेलं एक गाणं मिनिटाला १२२ ठोक्यांवर सुरू होऊन १३५ वर संपत होतं. चा-चाचं स्पर्धांतलं माप १२० ते १२८. म्हणजे सुरुवात बरोबर, शेवट हाताबाहेर. का? कारण शेवटच्या मुखड्याला ड्रमर लग्गी लावायचा, म्हणजे ठेका भरून चढवत न्यायचा. मांडवात लग्गी लागली की शिट्ट्या पडतात, वन्स मोअर येतो. इथे सत्तरीतले आजोबा गुडघा सांभाळत पावलं टाकतायत आणि खालची जमीन पळायला लागलीय.

लय चढवण्याइतकाच घोळ ठेक्याच्या वजनात होता. ड्रमरच्या हातात केरवा मुरलेला. केरव्याच्या आठ मात्रा तो सरळ कधीच वाजवत नाही, त्यात ढोलकीची झोकदार लचक असते, आणि तीच त्याची खासियत. चा-चात मात्र ‘दोन, तीन, चा-चा-चा’ अशी पावलं पडतात, चौथ्या ठोक्याचे दोन सरळ अर्धे तुकडे आणि शेवटचा चा पुढच्या एकवर. लचक दिली की मधला तुकडा उशिरा येतो आणि पाय हवेत राहतो. श्रोत्याला ते ऐकायला गोडच लागतं. पायाला नाही.

वॉल्ट्झचं तर अजबच झालं. दादरा हा आपल्या लोकांचा घरचा ताल, सहा मात्रा, म्हणजे तीन-तीनचे दोन भाग. दादांना वाटलं वॉल्ट्झ तर आपण झोपेतही वाजवू. पण त्यांची दादऱ्यातली गाणी मिनिटाला १३० मात्रांच्या आसपास चालायची. साध्या वॉल्ट्झला हवेत ८४ ते ९० ठोके, व्हिएनीज वॉल्ट्झला १७४ ते १८०. म्हणजे त्यांनी धरलेली लय धड इकडची नाही, धड तिकडची नाही. हळू नाचणाऱ्याला धाप लागणार आणि गिरक्या घेणाऱ्याचा तोल जाणार. शिवाय दादऱ्यात चौथ्या मात्रेवर ‘खाली’ असते, म्हणजे जोर हलका होतो. वॉल्ट्झला दर तीनातला पहिला ठोका जमिनीत रुतलेला हवा.

आणि सगळ्यात मोठी अडचण गाणं सुरू होण्याआधीच येत होती. ताई आलाप घ्यायच्या. सुंदर, मोकळा, लयीबाहेरचा. तेवढा वेळ जोडपी फ्लोअरवर हात धरून ताटकळत. कुठला नाच आहे हे कळत नाही, किती वेगाचा तेही नाही. धावत्या लोकलमध्ये उडी घेणाऱ्याला निदान गाडी दिसत तरी असते, यांना ठेका पडेपर्यंत काहीच दिसत नव्हतं. वर दोन गाण्यांच्या मध्ये दादांचं निवेदन. गाण्याचा इतिहास, एखादा विनोद, टाळ्यांची विनंती. तेवढ्यात नाचणारा बसून जातो, आणि बसलेल्या माणसाला परत उठवणं कठीण.

थोडक्यात, आपल्याकडे ज्या ज्या गोष्टींनी टाळी मिळते, आलाप, लय चढवणं, लग्गी, तिहाई, गप्पा, त्या प्रत्येक गोष्टीने इथे एकेक जोडपं खाली बसवलं होतं. माझ्या मते त्यांची चूक वाजवण्यात नव्हती. ते ऐकणाऱ्यासाठी वाजवत होते आणि समोर बसलेले लोक ऐकायला आलेले नव्हते. इंग्लंडात १९३० च्या दशकात व्हिक्टर सिल्व्हेस्टर या बँडलीडरने फक्त नाचाच्या काटेकोर लयीवर आख्खी कारकीर्द उभी केली. तो स्वतः स्पर्धा जिंकलेला नर्तक होता. वादकाला कंटाळवाणं वाटेल इतकं सरळ वाजवायचं, आणि रेकॉर्ड लाखोंनी खपायच्या.

काय बदललं

मॅनेजरने दिलेली मुदत छोटी होती, त्यामुळे त्यांनी सगळं एकदम बदललं नाही. आधी ड्रमर त्या नाचवर्गाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः पावलं टाकायला लागला. चा-चा त्याने अंगाने शिकून घेतला. त्यानंतर लचक कुठे काढायची हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय, आणि तो दादांचा नव्हे, त्या पोराचा.

मग त्याच्या कानात क्लिक आली, म्हणजे इअरफोनमधून ठरलेल्या लयीची टिकटिक. हायहॅटच्या स्टँडला एक चिठ्ठी चिकटवली, प्रत्येक गाण्यापुढे नाचाचं नाव आणि आकडा. आलाप गेले. त्यांच्या जागी चार बारची (आवर्तनांची) ओळख, बेस आणि ड्रम्सची, ऐकताच नाच ओळखू यावा अशी. निवेदन गेलं, दादा फक्त ‘वॉल्ट्झ’ किंवा ‘रुंबा’ एवढंच म्हणत. दोन गाण्यांत श्वास घेण्यापुरती फट. ऑक्टोपॅड झाकून ठेवला. जवळच्या टेबलांसाठी ड्रमरने काड्यांऐवजी ब्रश घेतले.

भांडण झालं ते ताईंच्या बाबतीत. क्लिकवर गाताना त्यांचा आवाज लाकडी व्हायला लागला. त्या शब्दावर जरा रेंगाळतात, ठोका पुढे गेला की मागून येऊन पकडतात, हीच त्यांची शैली. दादांचं म्हणणं, “ताई, लयीत गा.” ताईंचं म्हणणं, “मी लयीतच आहे, तुम्ही मला मोजताय.” तोडगा बेसवाल्याने काढला: नाचणाऱ्याचा पाय बेस आणि बेस ड्रमला बांधलेला असतो, गळ्याला नाही. हे दोघे खिळ्यासारखे उभे राहिले तर ताई वरती पाहिजे तेवढ्या रेंगाळू देत. रेकॉर्डिंगवर ते स्पष्ट ऐकू येतं. त्या आठवड्यानंतरचं त्यांचं गाणं मला आधीपेक्षा जास्त आवडलं, कारण खालची जमीन हलत नाही म्हटल्यावर त्या जास्त मोकळ्या झाल्या.

दादऱ्याचं ओझं असं हलकं झालं: त्यांनी आपली दादऱ्यातली हिंदी गाणी बाजूला टाकली नाहीत, ८८ वर आणली, चौथ्या मात्रेवरची ‘खाली’ भरून काढली आणि वॉल्ट्झ म्हणून वाजवली. कुणालाही ती गाणी माहीत नव्हती आणि कुणालाही त्याची अडचण वाटली नाही. आकडा बरोबर, एक जागेवर, बस. एका बाईंनी तर विचारलं, हा नॉर्वेचा वॉल्ट्झ का?

फॉक्सट्रॉट मात्र बसला नाही. ११२ ते १२० ची लय धरता येत होती, पण त्यातलं स्विंग, चालणारा बेस, गिटारची चार ठोक्यांची कुरकुर, हे आकड्यात सापडत नाही. वरच्या डेकवरच्या बारमध्ये एक फिलिपिनो बँड होता. हे लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आशियाच्या बंदरांत नाचाचे बँड चालवत आलेत, आज कुठल्याही क्रूझवर जा, ते दिसतातच. त्यांच्या बेसवाल्याने आमच्या बेसवाल्याला क्रू मेसमध्ये जेवणाच्या टेबलावर बोटांनी ताल धरून चाल समजावली, रोज थोडी. तरी करार संपेपर्यंत त्यांचा फॉक्सट्रॉट कामचलाऊच राहिला. जिथे फॉक्सट्रॉट लागायचा तिथे ते रुंबा पुढे करायचे, १०० ते १०८, त्यात हात बसलेला होता.

दोन सफरी संपल्या तेव्हा पहिल्या सेटला चारपाच जोडपी नियमित उठत होती. मॅनेजरने विषय पुन्हा काढला नाही.

अटलांटिक आणि पुढे

नोव्हेंबरात जहाज युरोपातून कॅरिबियनकडे निघालं. या स्थलांतराच्या सफरीत बंदरं कमी, समुद्रातले दिवस सलग. प्रवासी मुरलेले, संध्याकाळी दुसरं करायला काही नाही. पश्चिमेकडे जाताना मधूनमधून रात्री घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे रात्र एक तासाने लांबते, आणि लाउंज भरलेलं. पाचही जण म्हणतात की हे दिवस त्यांचे सगळ्यात चांगले. जहाज हलत असताना नाचणारे पावलं लहान करतात आणि बँडला लय जराही सोडता येत नाही, हे त्यांनी तिथे शिकून घेतलं.

आणि मग कॅरिबियनमध्ये सगळं पुन्हा उलटलं. प्रवासी तरुण, सुट्टीवर आलेली कुटुंबं, पूल डेकवर दुपारचे सेट. त्यांना वॉल्ट्झ नको, नाचायला ठेका हवा, आणि जरा बेभान. आता ड्रमरच्या हळदीतल्या हाताला मागणी आली, पण तो हात दोन महिन्यांत क्लिकला इतका सरावलेला की त्याला पुन्हा सैल करायला वेळ लागला. खाऱ्या वाऱ्यात गिटारच्या तारा गंजायच्या ते वेगळंच. एकाच करारात दोन वेगळ्या नोकऱ्या होत्या आणि करारात दोन्हींचं वर्णन एका ओळीत होतं: पाच जणांचा पार्टी-लाउंज बँड. मुलाखतीत विचारायला हवा होता तो प्रश्न हाच, कुठल्या महिन्यात, कुठल्या पाण्यात, कुणासमोर.

मुंबईहून सुटणाऱ्या देशी क्रूझवर हे प्रकरण घडलंच नसतं. २०१९ ची कर्णिका, २०२१ पासूनची एम्प्रेस, तिथले बहुतेक प्रवासी भारतीय. तिथे लग्गीला शिट्टीच पडली असती. म्हणून ‘क्रूझवर काय चालतं’ या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर नाही.

पैशांतला एक खड्डा सांगून ठेवतो. ‘सहा महिने बाहेर म्हणजे करात एनआरआय’ असं सगळेच धरून चालतात. नोकरीसाठी बाहेर गेलेल्या भारतीय नागरिकाचा आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी हवा, म्हणजे ३६५ दिवसांच्या वर्षात किमान १८४ दिवस बाहेर. यांचा करार मार्चमध्ये, ते दिवस भरायच्या थोडा आधीच संपला. दादांनी ते निघण्याआधीच सीएला विचारून घेतलेलं, म्हणून धक्का बसला नाही. जाणाऱ्यांनी सीडीसीवरच्या चढण्या-उतरण्याच्या तारखा नीट जपाव्यात.

आत्ताची स्थिती

ताई पुन्हा गेल्या नाहीत. एसीच्या कोरड्या हवेत गळा सतत घासला जात होता आणि घरची कामंही होती. ड्रमर हळदीच्या मोसमात घणसोलीतच असतो, पैसेही बरे मिळतात. बाकी तिघांना कंपनीने पुन्हा बोलावलं, या वेळी भूमध्य समुद्रातल्या फक्त उन्हाळ्यासाठी. नवा ड्रमर आणि नवी गायिका घेऊन ते परत माझ्याच खोलीत तालीम करतायत.

एजन्सीला नवा व्हिडिओ हवाय, एका दमात चित्रित केलेला, मध्ये काटछाट न केलेला, मागे ट्रॅक न लावलेला. दादांनी ठाण्यातल्या एका बॉलरूम क्लासमधली तीन वयस्कर जोडपी तालमीला बोलावली आहेत. ती समोर नाचतात, बँड वाजवतो. पाऊल अडखळलं की कुणी काही बोलत नाही, गिटारिस्ट फक्त चिठ्ठीवर त्या गाण्यापुढे फुली मारतो. फॉक्सट्रॉटपुढे अजून तीन फुल्या आहेत, आणि दादा म्हणतात की या वेळी यादीत तो टाकणार नाही.